पाण्यात काय विरघळलं होतं? (जीवाची सुरुवात आणि पृथ्वीबाहेरचा शोध)

निळीशाई (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एक जुनाच प्रयोग पुन्हा करून बघितला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ओलेइक आम्ल हे एक मेदाम्ल, हाताला तेलकट. साडेआठ पीएचच्या (किंचित अल्कधर्मी) बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, त्याचे थोडे थेंब टाकून हलवत ठेवलं की पाणी गढुळतं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गोल पिशव्या दिसतात. कुणाच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. काही लांबट, दोऱ्यासारख्या, आणि धक्का लागला की मणी सुटावेत तशा तुटून वेगळ्या होतात. हे सगळं आपोआप. पीएच वर गेला तर पिशव्या विरघळतात, खाली आला तर तेलाचे थेंब होतात. मधल्या अरुंद पट्ट्यात, जिथे साधारण निम्मे रेणू भारित आणि निम्मे बिनभाराचे असतात, तिथेच पटल, म्हणजे पिशवीची भिंत, धरतं.

मग मी त्यात मॅग्नेशियम क्लोराइड सोडलं. फार नाही, काही मिलिमोलर (विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक). दोन-तीन मिनिटांत पिशव्या मोडल्या आणि नळीच्या तळाशी पांढरा साका बसला.

हे होणार हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांसमोर होताना बघणं वेगळं. कारण याच मॅग्नेशियमवाचून आरएनएचं (डीएनएसारखाच आनुवंशिक मजकूर वाहणारा रेणू) पान हलत नाही. आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवू शकतं, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून 'आधी आरएनए, प्रथिनं मागाहून' हा विचार जोरात आहे. पण एन्झाइमशिवाय (क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांशिवाय) आरएनएची नक्कल करायची तर प्रयोगात ५० मिलिमोलरच्या आसपास मॅग्नेशियम लागतं. म्हणजे आतला मजकूर ज्या क्षारावर जगतो, त्याच क्षारानं बाहेरची पिशवी मरते.

कॅटरझिना अ‍ॅडमाला आणि जॅक शोस्टॅक यांनी २०१३ साली यावर एक वाट काढली. सिट्रेट घातलं की ते मॅग्नेशियमला धरून ठेवतं, पटल वाचतं आणि नक्कलही चालते. प्रयोग सुंदर आहे. पण वाचून संपल्यावर माझा प्रश्न तसाच राहिला. तेवढं सिट्रेट त्या काळी कुणी आणून ओतलं?

माझं म्हणणं इतकंच आहे, की या विषयात आपण 'पाणी होतं का' आणि 'पाणी आहे का' एवढंच फार विचारतो. पाण्यात काय विरघळलं होतं, किती, आणि ते पाणी आटत होतं की नाही, हे विचारलं की रसायनवाला, भूगर्भवाला, जीवशास्त्रवाला आणि ग्रहांवर यान धाडणारा असे सगळे एका टेबलाशी येतात. कारण यातल्या एकट्याकडे पूर्ण उत्तर नाही.

फॉस्फेटचं बघा. डीएनए, आरएनए, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) सगळ्यांत फॉस्फेट. पण साध्या पाण्यात कॅल्शियम असलं की ते फॉस्फेटला पकडून ॲपेटाइट नावाचं खनिज करतं आणि तळाशी नेतं. रसायनवाले वर्षानुवर्षं बाटलीतलं फॉस्फेट वापरत आले आणि भूगर्भवाले विचारत आले, की हे आणलंत कुठून? उत्तर सोडा सरोवरांत, म्हणजे कार्बोनेटनं भरलेल्या अल्कधर्मी सरोवरांत, सापडलं. पाण्यात कार्बोनेट भरपूर असलं की कॅल्शियम आधी कार्बोनेटशी जातं आणि फॉस्फेट मोकळं राहतं. जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी २०२० साली हे गणितानं आणि प्रयोगानं दाखवलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या लास्ट चान्स लेक नावाच्या उथळ सरोवरात समुद्राच्या हजारो पटींनी जास्त फॉस्फेट आहे.

आता शनीच्या एन्सेलाडस या चंद्राकडे या. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडतात, हे कॅसिनी यानानं २००५ साली दाखवलं. त्या फवाऱ्यातले बर्फाचे कण शनीच्या ई-कड्यात जातात. कॅसिनीनं टिपलेल्या कणांच्या नोंदी फ्रँक पोस्टबर्ग यांच्या गटानं पुन्हा तपासल्या आणि २०२३ साली जाहीर केलं, की त्यात सोडियम फॉस्फेट आहे. कारण पुन्हा तेच: बर्फाखालचा समुद्र सोडा सरोवरासारखा, कार्बोनेटनं भरलेला.

आणि बेनू. ओसायरिस-रेक्स यानानं या लघुग्रहावरून उचललेले १२१.६ ग्रॅम दगड आणि धूळ २४ सप्टेंबर २०२३ला पृथ्वीवर आले. जानेवारी २०२५मध्ये निकाल आले. प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४, केंद्रकाम्लांतले (डीएनए-आरएनएमधले) पाचही बेस, भरपूर अमोनिया. बातम्या इथेच थांबल्या. मला जास्त मोलाचा वाटला तो त्याच दिवसाचा दुसरा शोधनिबंध. खारं पाणी आटताना एकामागून एक बसत गेलेल्या क्षारांचे थर त्या दगडांत मिळाले. त्यात ट्रोना आहे, म्हणजे सोडियम कार्बोनेटचंच एक खनिज, जे पृथ्वीवर सोडा सरोवरांच्या काठी सापडतं. फॉस्फेटही आहे.

एक सरोवर, एक चंद्र, एक लघुग्रह, आणि तिन्हीकडे एकाच धाटणीचं पाणी! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया लिहा. मला माझी बाजू तपासून घ्यायची आहे.

---

पाषाण

धागा आवडला. रसायनाच्या बाजूनं हा प्रश्न आला याचं विशेष बरं वाटलं.

आमच्याकडची अडचण आधी सांगतो. चार अब्ज वर्षांपूर्वीचे खडक जवळजवळ उरलेलेच नाहीत. कॅनडातला अकास्टा नाइस हा खडक साधारण ४.०३ अब्ज वर्षांचा. त्याच्या मागे गेलं की हातात राहतात झिरकॉन या चिवट खनिजाचे कण. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले सर्वांत जुने ४.४ अब्ज वर्षांचे. मूळ खडक कधीच झिजून गेला, कण तेवढे टिकले. मी असे कण भिंगाखाली निवडलेले आहेत. टाचणीच्या डोक्याहून लहान, मधासारखा किंवा तांबूस रंग, कडा घासलेल्या. त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून त्या वेळी पाणी होतं असं म्हणता येतं. त्या पाण्यात मॅग्नेशियम किती होतं, हे कण थेट सांगत नाहीत.

खडकांवरून मात्र अंदाज बांधता येतो. तेव्हा पृथ्वीचं प्रावरण आजच्याहून गरम होतं, त्यामुळे वर येणारा लाव्हा मॅग्नेशियमनं जास्त भरलेला, ऑलिव्हिन या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचं प्रमाण मोठं. ऑलिव्हिनमध्ये पाणी मुरलं की सर्पेंटाइन हे दुसरं खनिज होतं, हायड्रोजन सुटतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. तेव्हा तुमचं सोडा सरोवर मला मान्य आहे, पण त्याला जमीन लागते. त्या काळी समुद्रावर डोकं काढलेली जमीन किती होती यावर आमच्यातच वाद आहेत. ज्वालामुखी बेटं असावीत असं मी मानतो. मोठे खंड नसावेत.

---

साधाप्रश्न

विषयातला नाही, पण सगळं वाचलं. जीव निर्जीवातून आपोआप झाला, तर आज का होत नाही? सोडा सरोवरं आजही आहेत, गरम झरे आहेत. नवा जीव तयार होताना कुणी पाहिलेला नाही.

---

पेशीजाल

@साधाप्रश्न, याचं उत्तर खुद्द डार्विननं दिलंय. १८७१ साली मित्र जोसेफ हूकरला लिहिलेल्या पत्रात त्यानं 'एखाद्या छोट्याशा कोमट डबक्या'ची कल्पना मांडली. त्यात अमोनिया आणि फॉस्फरिक क्षार, उजेड, उष्णता, वीज. (निळीशाई, क्षार त्याच्याही यादीत होते बघा!) पुढे तो म्हणतो, की आज असा काही पदार्थ तयार झालाच तर तो लगेच खाल्ला जाईल. पहिला जीव उभा राहिला तेव्हा त्याला खाणारं कुणी नव्हतं. आज ते डबकं जिवाणूंनी भरलेलं आहे. शिवाय हवेत ऑक्सिजन आहे. तो साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी साठू लागला आणि असे नाजूक रेणू तो टिकू देत नाही.

आता मूळ धाग्याबद्दल. मी सूक्ष्मजीवांवर काम करते आणि माझा कल 'जीव समुद्रतळाच्या गरम झऱ्यांत सुरू झाला' या मताकडे आहे. डबकंवाल्यांशी (जीव जमिनीवरच्या डबक्यात सुरू झाला म्हणणाऱ्यांशी) माझा वाद असतो, तो इथेही घालते.

तुम्ही रेणूंपासून सुरुवात करून वर येता. आम्ही आजच्या जीवांपासून मागे जातो. सगळ्या जिवंत पेशींत जे सामाईक आहे ते शेवटच्या सामाईक पूर्वजात असणार. विल्यम मार्टिन यांच्या गटानं २०१६ साली अशी ३५५ जनुककुलं वेगळी काढली आणि त्यावरून जो जीव डोळ्यांसमोर आला तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारा, उष्ण जागी राहणारा. २०२४ साली दुसऱ्या एका गटानं याच पूर्वजाचं वय सुमारे ४.२ अब्ज वर्षं काढलं, आणि त्याच्याकडे अंदाजे २,६०० प्रथिनांचा संच असावा असं म्हटलं. म्हणजे तो 'पहिला' मुळीच नव्हता. त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं होतं.

दुसरी सामाईक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पेशी ऊर्जा कशी साठवते? पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि त्या उतारावर एटीपी बनवणारं चक्र फिरतं. पीटर मिचेल यांना यासाठी १९७८चं नोबेल मिळालं. इतकी आडवळणाची पद्धत जवळपास प्रत्येक जीवात का असावी? अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेलं लॉस्ट सिटी नावाचं झऱ्यांचं क्षेत्र बघा. तिथल्या झऱ्यांचं पाणी ४० ते ९० अंश सेल्सिअस, पीएच ९ ते ११, त्यात हायड्रोजन. बाहेरचा समुद्र त्या काळी आम्लधर्मी असावा. मध्ये खनिजांच्या पातळ, सच्छिद्र भिंती. प्रोटॉनचा उतार तिथे आयता तयार आहे. पाषाण यांचं सर्पेंटाइन तेच. त्याला कोरडी जमीन लागत नाही.

---

निळीशाई

@पेशीजाल, प्रोटॉनच्या मुद्द्यापुढे मी नेहमीच गप्प होते. पण दोन शंका आहेत.

एक, आरएनएची साखळी जुळताना प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. चोहीकडे पाणीच असेल तर ही क्रिया उलटी जाते, साखळी तुटत राहते. डेव्हिड डीमर आणि ब्रूस डेमर म्हणूनच ओलं-कोरडं-ओलं असं चक्र मांडतात: डबकं आटलं की जोड होतात, भरलं की पिशव्या होतात. समुद्रतळाला कोरडं कसं होणार?

दुसरी शंका वर लिहिलेलीच. आजच्या समुद्रात मॅग्नेशियम ५० मिलिमोलरच्या वर आहे. माझ्या पिशव्या त्याच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा गेल्या.

---

पेशीजाल

पहिल्या शंकेला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सच्छिद्र खडकात तापमानाच्या फरकानं रेणू एका कोपऱ्यात गोळा होतात हे प्रयोगांत दिसलं आहे. पण गोळा होणं म्हणजे कोरडं होणं नव्हे, हे मान्य.

दुसरीला आहे. तुम्ही पिशव्या कशाच्या केल्या? शुद्ध ओलेइक आम्लाच्या. निक लेन यांच्या गटातल्या शॉन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली १० ते १५ कार्बनांची मेदाम्लं आणि तेवढ्याच लांबीची अल्कोहोलं एकत्र मिसळली. ७० अंशांना, अल्कधर्मी पाण्यात, समुद्राइतके क्षार असताना पिशव्या झाल्या आणि टिकल्या. त्याच वर्षी सेरा केलर आणि रॉय ब्लॅक यांच्या गटानं दाखवलं, की काही अमिनो आम्लं पटलाला चिकटून त्याला क्षारांपासून सावरतात. एकेकटं नाजूक, मिश्रण चिवट.

---

वर्णपट

मी दुर्बिणीच्या नोंदींवर काम करतो. धाग्यातला प्रश्न मला पटतो, पण तो आमच्या आवाक्याबाहेर आहे, हे सांगायला आलो.

दूरच्या ग्रहाच्या पाण्यात काय विरघळलंय हे आम्हाला दिसत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो, त्यातून वायू ओळखायचे. एवढंच हातात. १९९५मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला. २०२५मध्ये ही संख्या ६,०००च्या पुढे गेली. त्यातल्या फार थोड्यांचं वातावरण वाचता येतं.

के२-१८बी या ग्रहाचं उदाहरण घ्या. १२४ प्रकाशवर्षं दूर. एप्रिल २०२५मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या गटानं तिथे डायमिथिल सल्फाइडच्या खुणा असल्याचं मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री प्लवकांकडून येतो, म्हणून 'परग्रहावर जीव' असे मथळे झाले. दावा तीन सिग्माचा (निकाल योगायोग नसल्याची खात्री मोजायचं एकक) होता, आमच्याकडे शोध म्हणायला पाच लागतात. इतर गटांनी तीच माहिती घेऊन वेगळी गणितं केली तेव्हा खूण पुसट झाली. आणि २०२४मध्येच हाच रेणू ६७पी धूमकेतूच्या नोंदींत सापडला होता, जिथे जीव असण्याचा प्रश्नच नाही.

तो दावा मांडणाऱ्यांना मी दोष देत नाही. माहिती उघड ठेवली म्हणूनच ती इतरांना तपासता आली. पण कोणता वायू जीवाशिवाय कसा तयार होतो, याची यादी रसायनवाल्यांकडे आणि धूमकेतूंवर काम करणाऱ्यांकडे आहे. ती आमच्यापर्यंत उशिरा येते.

१९९०च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओ यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं. कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं पृथ्वीवरच रोखली: काहीही गृहीत न धरता इथे जीव आहे असं म्हणता येतं का? ऑक्सिजन, त्याच्यासोबत मिथेन, वनस्पतींमुळे लाल रंगापाशी होणारं शोषण, रेडिओ संदेश. १९९३मध्ये निबंध आला. एकट्या कुठल्याही खुणेवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. मी नवीन मुलांना सर्वांत आधी तोच वाचायला देतो.

---

उंबरठा

एक विरोधी मत नोंदवतो. उगम कसा झाला यावर डबकं की झरा इतकंही एकमत नाही. मग परग्रहावर काय शोधायचं हे कसं ठरवणार? आधी घरचं कोडं सोडवा, मग बाहेर बघा. अब्जावधी खर्चून यानं पाठवायची घाई कशाला?

---

पाषाण

@उंबरठा, घरचं कोडं घरात बसून सुटणार नाही, कारण घरातला पुरावा नष्ट झालाय. वर लिहिलं तसं, आपल्याकडे तेव्हाचे खडक नाहीत. मंगळावर आहेत. तिथे पृथ्वीसारखी भूपट्टांची उलथापालथ नाही, त्यामुळे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा नदीचा गाळ अजून उघड्यावर पडलाय. पर्सिव्हरन्स गाडी फेब्रुवारी २०२१पासून जेझेरो विवरात आहे. तिथे जुलै २०२४मध्ये चेयावा फॉल्स नाव दिलेला ठिपक्याठिपक्यांचा खडक मिळाला. सप्टेंबर २०२५च्या निबंधानुसार त्या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं आहेत, एक लोहाचं फॉस्फेट, दुसरं लोहाचं सल्फाइड. पृथ्वीवर गाळातले जिवाणू अशी खनिजं तयार करतात. जीवाशिवायही ती होऊ शकतात. निबंधात 'संभाव्य खूण' इतकंच म्हटलंय आणि ते योग्य आहे. नमुन्याची नळी भरून ठेवलेली आहे, पण ती अजून मंगळावरच आहे.

---

निळीशाई

@उंबरठा, तुमची शंका रास्त आहे, पण व्हायकिंगची हकीकत ऐका. १९७६ साली दोन यानं मंगळावर उतरली. मातीत किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषकद्रव्य टाकलं, वायू बाहेर आला. जीव असता तर असंच झालं असतं. पण त्याच मातीला तापवून तपासणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला सेंद्रिय पदार्थ जवळपास मिळालेच नाहीत, त्यामुळे बहुतेकांनी 'जीव नाही' असा निष्कर्ष काढला. पुढे २००८मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हा क्षार तापवला की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतो. म्हणजे ज्या रीतीनं शोधत होतो तीच रीत पुरावा जाळत असण्याची शक्यता होती. मातीत कुठला क्षार आहे हे आधी ठाऊक असतं तर उपकरण वेगळं बनवलं असतं. तिथे जाऊन माती तपासली नसती, तर हे कळलंही नसतं.

युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४मध्ये निघालंय, एप्रिल २०३०मध्ये गुरूपाशी पोचेल. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाच्या पृष्ठभागावर कुठले क्षार आहेत हे ते बघणार आहे. मी त्याचीच वाट बघते आहे.

---

साधाप्रश्न

अजून एक विचारू? अमिनो आम्लं डावी-उजवी असतात आणि जीवात फक्त डावी, असं वाचलंय. बेनूवर काय निघालं?

---

पेशीजाल

दोन्ही जवळपास समसमान निघाली. मर्चिसन अशनीत (ऑस्ट्रेलिया, १९६९) काही अमिनो आम्लांत डावी थोडी जास्त होती, त्यामुळे अनेकांची समजूत झाली होती की डावेपणा आकाशातूनच आला. बेनूनं त्या समजुतीला धक्का दिला. डाव्यांची निवड इथेच, पृथ्वीवर झाली असण्याची शक्यता आता जास्त गांभीर्यानं घ्यावी लागेल. माझ्या मते त्या निकालांतली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

---

निळीशाई

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. पेशीजाल यांचा प्रतिसाद वाचून प्रयोग बदलला. १० ते १५ कार्बनांचं सगळं मिश्रण माझ्याकडे नव्हतं, म्हणून डेकॅनोइक आम्ल (१० कार्बनांचं मेदाम्ल) आणि त्याचंच ग्लिसरॉल एस्टर एवढं दोनच घेतलं. शेजारच्या नळीत नुसतं डेकॅनोइक आम्ल.

दोन्हींत मॅग्नेशियम थेंबाथेंबानं वाढवत नेलं. नुसत्या आम्लाच्या नळीत साका आधी बसला. मिश्रणाची नळी तेवढ्याच मॅग्नेशियमला गढूळच राहिली, आणि काचपट्टीवर घेतली तर पिशव्या शाबूत होत्या, फक्त एकमेकींना चिकटून गुच्छ झाले होते. आणखी वाढवल्यावर त्याही गेल्या. समुद्राच्या जवळपासही पोचले नाही.

आता अल्कोहोल मागवलं आहे. @पाषाण, ऑलिव्हिनची भुकटी पाण्यात ठेवून मुरू दिली, तर त्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम साधारण किती उतरतं आणि पीएच कुठे जातो, याचे आकडे तुमच्याकडे असतील तर द्याल का? बाटलीतला क्षार सोडून त्या पाण्यातच पिशव्या करून बघायच्या आहेत.

---

पाषाण

आकडे देतो. पण नुसती भुकटी घेऊ नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत गेला की पीएच बिघडतो आणि कार्बोनेट बसायला लागतं. बाटली नायट्रोजननं भरून बंद करा, आणि घाई करू नका. खोलीच्या तापमानाला महिने लागतील. माझ्याकडे मागच्या वर्षी ८० अंशांना ठेवलेल्या दोन बंद बाटल्या आहेत, एक अजून उघडलेली नाही. तिचं पाणी तुम्हाला पाठवतो.